वॉच कोकलतंय, पण बघणार कोण?

स्मार्टवॉच घातलं की माणूस तब्येतीकडे लक्ष द्यायला लागतो, वेळीच सावध होतो आणि मग डॉक्टरकडच्या फेऱ्या आपोआप कमी होतात, ही थिअरी इतक्या वेळा ऐकलीय की आता ती कोणी तपासून पण बघत नाही. कंपनी तेच सांगते, ऑफिसातला एचआर तेच सांगतो, आणि साठी ओलांडलेल्या बाबांना दिवाळीला वॉच देणारा मुलगा पण मनातल्या मनात तेच म्हणत असतो. माझं म्हणणं असं की फेऱ्या कमी होत नाहीत, वाढतात. आता वाढायलाही हरकत नाही हो, पण त्या फेऱ्यांचं बिल भरणारा वेगळा आणि वॉच विकून मोकळा होणारा वेगळा, इथे माझी खरी तक्रार आहे.

आधी हे होतं कसं ते बघू. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा लाइट लुकलुकतो ना, तो कातडीखालच्या रक्तावर पडतो, रक्त तो शोषून घेतं, दर ठोक्याला तिथलं रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून पल्स काढतात. पट्टा सैल असला, हात हलला, थंडीत बोटं गार पडली की गडबड. ठोक्यांमधलं अंतर सारखं वेडंवाकडं दिसायला लागलं की महागातली वॉचेस 'इरेग्युलर रिदम' असा मेसेज टाकतात. त्यांना संशय असतो एट्रियल फिब्रिलेशनचा, डॉक्टर लोक नुसतं एएफ म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी थरथरत राहतात, रक्त तिथे साचतं, गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पॅरालिसिसचा झटका. म्हणजे आजार चेष्टेवारी नेण्यासारखा मुळीच नाही. प्रश्न आहे तो मेसेज कोणाला जातो आणि पुढे काय होतं याचा.

याचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. स्टॅनफर्डच्या लोकांनी ॲपल वॉच घालणारे ४,१९,२९७ जण घेतले आणि २०१९ मध्ये निकाल छापला. साधारण चार महिन्यांत मेसेज आला २,१६१ जणांना, म्हणजे अर्धा टक्का. ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीचा पॅच लावून तो परत पाठवला अशा ४५० जणांत एएफ सापडलं ३४ टक्के लोकांना. आता लगेच 'बघा, दोन तृतीयांश खोटे!' असं म्हणायची घाई नको, कारण हा त्रास येतो-जातो, पॅच लावला त्या आठवड्यात नसेलही, आणि पॅच अंगावर असताना वॉच बोललं तेव्हा १०० पैकी ८४ वेळा ते बरोबर होतं. मशीन तसं गुणी आहे. पण त्याच अभ्यासात चाळिशीच्या आतल्या लोकांना मेसेज येण्याचं प्रमाण होतं ०.१६ टक्के आणि पासष्टीच्या पुढच्यांना ३ टक्क्यांच्या आसपास. आणि वॉच कोणाच्या मनगटावर असतं? आपल्याकडे तर विचारूच नका. २०२२ च्या सुमाराला भारत हा जगातला सगळ्यात मोठा स्मार्टवॉच बाजार झाला होता, नंतर विक्री उतरली ती गोष्ट वेगळी, पण ती सगळी घड्याळं गेली कॉलेजच्या पोरांच्या आणि आयटीतल्या तिशीवाल्यांच्या हातात.

इथे एक गणित आहे आणि ते जाहिरातीत कधीच येत नाही. समजा एक लाख तरुण माणसं आहेत, त्यांच्यात खरोखर त्रास असलेली १००, आणि तुमचं यंत्र दोन्ही बाजूंनी ९८ टक्के अचूक. खऱ्या १०० मधले ९८ सापडले, मस्त. पण उरलेल्या ९९,९०० निरोगी लोकांपैकी २ टक्के म्हणजे जवळपास २,००० जणांना पण 'काहीतरी गडबड आहे' असा निरोप गेला. म्हणजे एकवीस जणांना घाबरवलं तेव्हा त्यातला एक खरा. हे कागदावरचं गणित झालं, चांगल्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा तपासून मगच तोंड उघडतं म्हणून तिथे इतकं वाईट होत नाही, पण दीड हजाराच्या घड्याळाकडून ती अपेक्षा ठेवायची का ते तुम्हीच ठरवा. आजार जितका दुर्मीळ तितका खोटा अलर्ट जास्त, हे पब्लिक हेल्थवाल्यांना केव्हापासून माहितीय, जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्येच सरसकट तपासणी कधी करावी याचे निकष छापले होते आणि त्यात एक साधी अट अशी की तपासणीत जे सापडेल त्याच्या पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय आधी हवी. वॉचवाल्यांनी ही अट कधी पाळली? ते तपासणी करतात आणि पुढचं 'कन्सल्ट युवर डॉक्टर' या तीन शब्दांवर सोडून देतात.

बरं मग लोक डॉक्टरला कन्सल्ट करतात तेव्हा काय होतं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आपल्याच पेशंटचे कागद चाळले, ज्यांच्या नोंदीत ॲपल वॉचने पल्सबद्दल शंका काढल्याचा उल्लेख होता असे २६४ जण निघाले, आणि हृदयाचं काही उपचार करण्यासारखं निदान झालं फक्त ११.४ टक्के लोकांचं. २०२० ची गोष्ट. त्याच वर्षी तिकडच्या डॉक्टरांनी एका सत्तर वर्षांच्या बाईंची केस छापली, त्यांना आधीपासून एएफ होतं, आणि त्यांनी वर्षभरात मनगटावर ९१६ वेळा ईसीजी काढला होता. नऊशे सोळा. त्यातून दवाखाना आणि इमर्जन्सी धरून बारा चकरा, आणि शेवटी निदान निघालं ते तब्येतीच्या काळजीनेच ग्रासल्याचं. एकीच्या केसवरून नियम काढू नये हे मान्य, पण २०२४ मध्ये त्याच विषयावर १७२ एएफ पेशंटचा अभ्यास आला त्यात वॉच वापरणारे लक्षणांच्या विचारात जास्त अडकलेले होते, आणि दर पाचातल्या एकाला मेसेज आला की जबरदस्त भीती वाटायची. युटामध्ये वॉचवाल्या आणि बिनवॉचच्या एएफ पेशंटची तुलना केली तर दोघांच्या पल्समध्ये फरक नाही, पण वॉचवाल्यांवर ॲब्लेशन नावाची, हृदयातला गडबड करणारा भाग निकामी करायची प्रोसिजर जास्त झालेली. तब्येत तीच, खर्च जास्त.

आपल्याकडे हे कसं दिसतं ते मी डोंबिवलीत आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून पाहिलंय. केबिन म्हणजे काय, प्लायवूडचं पार्टिशन, सगळं ऐकू येतं. अठ्ठावीस-तीसचा मुलगा, सोबत आई. मुलगा मोबाइल पुढे करतो, "डॉक्टर, हे बघा ना, काल रात्री दोन वाजून सोळा मिनिटांनी एकशे अठरा!" डॉक्टरांनी मोबाइल बाजूला ठेवला, दोन बोटं मनगटावर टेकवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर गप्प. "आत्ता ब्याऐंशी आहे. रात्री दोनला मी तिथे नव्हतो. तू जागा का होतास ते सांग." ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती म्हणे, तीन कॉफ्या झाल्या होत्या. विषय इथे संपायला पाहिजे होता. पण आई म्हणाल्या, "तरी पण डॉक्टर, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी द्याच." आणि डॉक्टरांनी दिली. माझा नंबर आला तेव्हा मी विचारलं तर म्हणाले, "नाही दिली आणि उद्या खरंच काही झालं तर? त्याच्याकडे वेळेसकट पुरावा आहे, मी बघून सोडून दिलं याचा."

हे वाक्य मला सगळ्या अभ्यासांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. वॉच नुसतं पेशंटला घाबरवत नाही, ते डॉक्टरला पण घाबरवतं. पूर्वी 'काल छातीत धडधडलं' असं पेशंट सांगायचा आणि डॉक्टर अनुभवावर ठरवायचे. आता पीडीएफ आहे. आणि पीडीएफ समोर आली की ईसीजी, टूडी इको, चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर, थायरॉइड, लिपिड प्रोफाइल अशी रांग लागते. त्या मुलाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणे, आठ-दहा हजार गेले. यात त्या मुलाची चूक नाही, आईची तर नाहीच, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांची पण नाही. तीन माणसं शहाण्यासारखी वागली आणि पैसे वाया गेले.

पैसे कोणाचे, हा आपल्याकडचा कळीचा मुद्दा. देशाच्या २०२१-२२ च्या आरोग्य हिशेबानुसार आपल्याकडच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोक थेट स्वतःच्या खिशातून भरतात. आणि मेडिक्लेम असला तरी बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय हात वर करतात, ओपीडी आणि तपासण्या तुमच्या तुम्ही. वॉचमुळे जो खर्च होतो तो नेमका हाच, ओपीडी आणि तपासण्या. इंग्लंडमध्ये असल्या खोट्या अलर्टचा बोजा सरकारी यंत्रणेवर जातो, मग तिकडे निदान सरकार तरी आरडाओरडा करतं. आपल्याकडे तो ज्याच्या त्याच्या जीपेमध्ये विरून जातो, त्यामुळे कुठल्याच खात्याला दिसत नाही.

'अहो पण एखाद्याचा तरी जीव वाचतो ना' हा युक्तिवाद आता येणारच. वाचत असेल. पण आजार लवकर सापडला म्हणजे फायदा झालाच असं आपण धरून चालतो ते तपासायला हवं. डेन्मार्कमध्ये सत्तर ते नव्वद वयाच्या सुमारे ६,००० लोकांवर प्रयोग झाला, एका गटाच्या छातीत कातडीखाली चोवीस तास ठोके बघणारं यंत्रच बसवलं, म्हणजे वॉचपेक्षा कितीतरी पक्कं. एएफ सापडलं ३१.८ टक्के लोकांत, नेहमीसारखी काळजी घेतलेल्या गटात १२.२ टक्के. रक्त पातळ करायच्या गोळ्या पण दुपटीहून जास्त लोकांना सुरू झाल्या. आणि पाच वर्षांनी मोजलं तर स्ट्रोक ५.६ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आलेले, तो फरक योगायोगाचा पण असू शकतो इतका बारीक. २०२१ चा हा निकाल. हे म्हाताऱ्या आणि धोका असलेल्या माणसांत, तर तिशीतल्या पोरात काय होणार? अमेरिकेच्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी पण २०२२ मध्ये सांगितलं की लक्षणं नसताना एएफ शोधत फिरावं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त धोक्याची वाटते, ती म्हणजे खोटा दिलासा. वॉचला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. येत नाही म्हणजे येत नाही, ॲपल स्वतः स्क्रीनवर तसं लिहितं. मनगटावरचा ईसीजी म्हणजे एकाच बाजूने बघणं, दवाखान्यात बारा बाजूंनी बघतात, आणि तिथेही कधी कधी पहिला ईसीजी साफ येतो. पण पहाटे छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, आणि काका वॉचवर बोट ठेवून बघतात, 'सायनस रिदम', म्हणजे ठोके नियमित, असं हिरव्या अक्षरात येतं, 'काही नाही गं, ॲसिडिटी आहे, जरा जेलुसिल दे' म्हणून परत आडवे होतात. आपल्याकडे छातीतल्या दुखण्याला आधीच गॅस समजायची सवय आहे, आता गॅसला घड्याळाचं सर्टिफिकेट मिळालं. आणि स्वस्तातल्या वॉचवर बीपी, शुगर वगैरे येतं त्यावर तर काय बोलायचं, न टोचता शुगर दाखवणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिलाय, असल्या एकाही यंत्राला त्यांची मान्यता नव्हती. तरी आपल्याकडे सेलमध्ये ती विकली जातात आणि लोक त्यावरून इन्सुलिन कमीजास्त करायला पुढेमागे बघणार नाहीत.

म्हणजे घरी आकडे मोजूच नयेत का? असं अजिबात नाही, उलट आपण सगळ्यांनी एक आकडा फार छान वापरलाय. कोविडमधला ऑक्सिमीटर आठवा. पाचशे रुपयांची ती चिमटी हजार-दोन हजाराला घेतली होती आणि तरी ती पैसे वसूल होती, का? कारण ९४ च्या खाली गेलं की काय करायचं हे घरातल्या आजीला पण पाठ होतं. सहा मिनिटं चालून परत बघायचं हे पण माहीत होतं. मुंबईत २४ वॉर्डांच्या वॉर रूम होत्या, फोन केला की बेड कुठे ते तिथून ठरायचं, कधी मिळायचा कधी नाही, दुसऱ्या लाटेत तर हालच झाले, पण आकडा ऐकून घेणारं माणूस पलीकडे बसलेलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर आणि तापाची गन घेऊन दारोदार गेले. तो ऑक्सिमीटर सुद्धा फार अचूक नव्हता, सावळ्या कातडीवर तर तो ऑक्सिजन जरा जास्तच दाखवतो हे त्याच वर्षी अभ्यासातून पुढे आलं. तरी कामाला आला, कारण त्याच्यामागे ठरलेला आकडा, ठरलेली कृती आणि उचलला जाणारा फोन होता. वॉचमागे यातलं काय आहे?

आता ज्यांना खरंच गरज आहे ते कुठे आहेत ते बघा. युरोप-अमेरिकेत एएफ हा म्हातारपणाचा आजार, आपल्याकडे पेशंटची नोंद ठेवली तेव्हा जवळपास निम्म्यांच्या मागे कारण निघालं लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप. म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीची, बऱ्याचदा खेड्यातली, बऱ्याचदा बाई. तिला रक्त पातळ करायची ॲसिट्रॉमची गोळी चालू असते, रक्त किती पातळ झालंय ते, म्हणजे आयएनआर, तपासायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं, एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून ती जात नाही, मग गोळी कमी पडली तर गुठळी आणि जास्त झाली तर रक्तस्राव. तिच्या मनगटावर वॉच बांधून तिला काय मिळणार, तिचं एएफ सापडलेलंच आहे, तिला हवीय ती गावाजवळ तपासणी. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

बीपीचं तसंच. २०२३ मध्ये छापलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या सर्व्हेत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांचं बीपी जास्त निघालं आणि डायबेटिस दहा कोटींवर. यासाठी लागणारं यंत्र म्हणजे दंडाला बांधायचं बीपी मशीन, दीड-दोन हजारात येतं, आणि घरातल्या चार माणसांना पुरतं. सरकारचा बीपी कंट्रोलचा कार्यक्रम आहे, २०१७ पासून, महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांतून सुरुवात झाली, त्यात काही हायफाय नाही, आरोग्य केंद्रात बीपी मोजायचं, ठरलेल्या क्रमाने स्वस्तातल्या गोळ्या द्यायच्या, आणि पेशंट पुढच्या महिन्यात आला नाही की त्याला फोन करायचा किंवा आशाताईला घरी पाठवायचं. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. यात माणूस माणसाच्या मागे लागतो.

चालण्याबद्दल मी वॉचला शिव्या देणार नाही. २०२२ मध्ये आधीच्या ढीगभर अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात ट्रॅकर घातल्याने लोक रोज सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात असं दिसलं. चांगलं आहे, चाला. फक्त १०,००० चा धसका घेऊ नका, तो आकडा १९६५ मधल्या जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय, नंतर अमेरिकेत सत्तरीच्या बायकांवर अभ्यास केला तेव्हा ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसायला लागला आणि ७,५०० च्या पुढे तो वाढेना. आणि वॉचने वजन उतरतं असं कोणी म्हटलं तर त्याला पिट्सबर्गचा २०१६ चा निकाल दाखवा, दोन वर्षं डाएट-व्यायाम दोन्ही गटांना, एका गटाला वर ट्रॅकर पण दिला, तर ट्रॅकरवाल्यांचं ३.५ किलो उतरलं आणि बिनट्रॅकरवाल्यांचं ५.९. का ते नक्की सांगता येत नाही, मला आपलं वाटतं की आकडा पूर्ण झाला की माणूस वडापावला पात्र झाल्यासारखा वागतो. असो.

मग काय करायचं? ज्याला आधीच हृदयाचा त्रास आहे किंवा स्ट्रोक होऊन गेलाय आणि डॉक्टर म्हणतायत की बाबा घाल, महिन्याने मला दाखव, त्याने जरूर घालावं, तिथे वॉच उपयोगी पडतं कारण पलीकडे बघणारा आहे. बाकी तिशीतल्या धडधाकट माणसाने ते रिदमचं नोटिफिकेशन बंद करून ठेवावं, सेटिंगमध्ये दोन मिनिटं लागतात. कंपन्यांनी डब्यावर मराठीत छापावं की तुमच्या वयाच्या किती जणांना मेसेज जातो आणि त्यातले किती खरे निघतात. मोठ्या कंपन्यांकडे हे आकडे आहेत, अभ्यास त्यांनीच करवलेत. आणि ऑफिसात दिवाळीला वॉच वाटायचं बजेट असेल तर त्यात ओपीडीचं कव्हर बसतंय का ते एचआरने एकदा विचारून तरी बघावं.

पण मला खरं विचारायचंय ते इन्शुरन्सवाल्यांना. पावलं मोजून पॉइंट द्यायची, प्रीमियममधले पैसे परत करायची योजना आता आपल्याकडे पण आहे, नियामकाने २०२० मध्ये असल्या वेलनेस योजनांसाठी नियमावली पण काढली. म्हणजे रोजची पावलं, पल्स, कधीकधी झोप सुद्धा तुम्ही आमच्याकडून घेता आणि त्यावर विश्वास ठेवून हिशेब करता. मग त्याच वॉचने मेसेज दिला म्हणून आम्ही इको आणि होल्टर केला तर ती 'अनावश्यक तपासणी' कशी होते? सवलत देताना वॉचचा डेटा चालतो आणि बिल द्यायची वेळ आली की तो चालत नाही, हे कुठल्या कलमात बसतं तेवढं पॉलिसीच्या कागदावर लिहून द्या.